पहिली पंगत आणि पिझ्झा

गेल्या सप्टेंबरात, गणेशोत्सवाच्या शनिवारी दुपारी, शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या एका हायस्कूलच्या कॅफेटेरियात उकडीचे मोदक संपले. संपले तेव्हा रांगेत माणसं उभी होती आणि टेबलांवर बसलेल्यांना दुसऱ्यांदा वाढून झालं होतं. या दोन्ही गोष्टी मी स्वतः पाहिल्या. त्या दिवसाबद्दल बाकी जे सांगितलं जातं ते बहुतेक ऐकीव आहे.

रांग आणि टेबल यांतला फरक आधी सांगायला हवा. आमच्या मराठी मंडळात गणपतीच्या आणि दिवाळीच्या जेवणाला पहिली पंगत असे. स्टेजच्या बाजूला लांब टेबलं जोडायची, त्यांवर कापड अंथरायचं, केळीच्या पानाच्या आकाराचे हिरवे कागद मांडायचे. तिथे संस्थापक सभासद आणि आश्रयदाते बसत. त्यांना झब्बे घातलेले स्वयंसेवक वाढत. ही पंगत उठली की बाकीच्यांची रांग सरकायला लागे, हातात कागदी ताटल्या घेऊन.

संस्थापक म्हणजे सत्तरच्या दशकात आलेले डॉक्टर आणि इंजिनिअर. आता सगळे निवृत्त. आश्रयदाते म्हणजे मोठी देणगी देणारे. उरलेले साधारण सभासद: कॉम्प्युटरवाले, बँकवाले, औषध कंपन्यांतले, ग्रीन कार्डची वाट पाहणारे. मोदक हे उरलेले करत. खुर्च्या मांडत, मखर उभं करत, शेवटी फरशी पुसत. संस्थापकांना वयामुळे काम माफ होतं, आश्रयदात्यांना देणगीमुळे. असा नियम कुठे नव्हता, पण तो मोडल्याचंही कोणी पाहिलं नव्हतं.

मी नागपूरच्या एका दैनिकात उपसंपादक होते. इथे आल्यावर मंडळाचं मासिक पत्रक आणि सभांची इतिवृत्तं माझ्याकडे आली, कारण दुसरं कोणी तयार नव्हतं. आमच्या घरी गणपती बसत नाही. आमचा मोठा कार्यक्रम एप्रिलमधल्या जयंतीचा. तो याच भागात, वेगळ्या हॉलमध्ये होतो आणि तिथे जेवणाला एकच रांग असते. मुलीला मराठी वाचता यावं म्हणून तिला मंडळाच्या रविवारच्या शाळेत घातलं, त्याबरोबर सभासदत्व आलं. पंगतीत आधी कोण बसतं याकडे लक्ष जाण्याची सवय मला माहेरून मिळाली आहे. त्यावर इथे जास्त लिहिण्याचं कारण नाही.

त्या वर्षी स्वयंपाकाची प्रमुख होती एक चिपळूणची बाई. वय चाळिशीच्या आत. शिकागोतल्या एका बँकेत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते, रोज ट्रेनने जाते. मला ताई म्हणते. तिची आई तेव्हा व्हिजिटर व्हिसावर आलेली होती. उकड कशी काढायची हे आईने दाखवलं आणि दोन-तीन घरांच्या किचनमध्ये मोदक वळले गेले. खोबरं फ्रोझन होतं, त्याबद्दल आईने शेवटपर्यंत नाराजी सोडली नाही. शनिवारी ती आई इतरांसारखी ताटली घेऊन रांगेत उभी राहिली. तिच्या पुढे दोन कुटुंबं असताना ट्रे रिकामा झाला.

"असू दे गं," ती मुलीला म्हणाली. "मी काय, चिपळूणला रोज करते."

"आई, तू सहा महिन्यांसाठी आलीयस. रोज कुठली करतेस?"

"मग परत गेल्यावर करीन."

लेकीने एप्रन काढला, घडी करून काउंटरवर ठेवला आणि पार्किंगमध्ये निघून गेली. संध्याकाळपर्यंत मंडळाच्या ग्रुपवर एक वाक्य फिरायला लागलं. मोदक संपल्याचं कळल्यावर अध्यक्षांच्या पत्नी म्हणाल्या होत्या, "मोदक नसतील तर पिझ्झा खा म्हणावं."

अध्यक्ष हे निवृत्त हृदयरोगतज्ज्ञ. मंडळ त्यांनीच काढलं आणि बहुतेक वर्षं तेच अध्यक्ष राहिले. दुसरा कोणी झाला तरी सगळे त्यांनाच विचारायचे. त्यांना काका म्हणतात आणि त्यांच्या पत्नीला काकू.

जुन्या सवयीने मी वाक्याचा माग काढला. ज्यांनी ते ऐकलं म्हणून सांगितलं त्यांना विचारलं. प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. शेवटी काकूंना फोन केला.

"म्हणाले ना," काकू म्हणाल्या. "सकाळी म्हणाले. मुलं मोदक खात नाहीत, त्यांच्यासाठी पिझ्झा मागवा. दर वर्षी मागवतो. तू नव्हतीस का तिथे?"

मी तिथे होते. पिझ्झा दर वर्षी मुलांसाठी येतो, त्याचे खोके कोपऱ्यातल्या टेबलावर असतात आणि मोठी माणसंही हळूच एखादा तुकडा उचलतात. वाक्य खरं होतं. फक्त ते मोदक संपायच्या आधीचं होतं. पुढच्या पत्रकात मी तसा खुलासा छापला. खुलासा वाचल्याचं मला एकाच व्यक्तीने सांगितलं, आणि त्या काकू होत्या.

याच सुमारास माझ्या मुलीला शाळेत निबंध होता. ती दहावीत आहे. विषय: फ्रेंच लोक आपल्या राजाविरुद्ध आणि वरच्या वर्गांविरुद्ध का उठले? जेवणाच्या टेबलावर ती लॅपटॉप उघडून बसायची आणि मी विचारेन तेवढंच सांगायची.

तिने सांगितलं ते असं. देशात तीन वर्ग होते: पाद्री, सरदार आणि उरलेले. पहिल्या दोघांना बहुतेक मोठे कर माफ. उरलेल्यांनी कर भरायचे, वर सरकारी रस्त्यांवर फुकट राबायचं. आपल्याकडे याला वेठ म्हणत, असं मी तिला सांगितलं. तिने तो शब्द मार्जिनमध्ये लिहून घेतला. राजाची तिजोरी रिकामी होती. रिकामी होण्याचं एक मोठं कारण म्हणजे त्याने अमेरिकेला इंग्लंडपासून सुटायला केलेली मदत. म्हणजे ज्या देशात आम्ही दोघी वरण-भात खात हे बोलत होतो, त्याच्या स्वातंत्र्यासाठी एका राजाने कर्ज काढलं होतं, आणि ते कर्ज त्याला भोवलं. मग १७८८ साली पीक बुडालं, गारपीट झाली आणि पुढच्या वर्षी पाव इतका महागला की मजुराची कमाई त्यातच जाऊ लागली.

"म्हणजे भुकेमुळे," मी म्हणाले.

"नो, आई. भूक तर आधी पण होती. लाइक, फॉरेव्हर. तेव्हा नाही उठले."

"मग?"

"किंगने विचारलं ना त्यांना. तुमच्या कम्प्लेंट्स काय आहेत, लिहून पाठवा. गावागावातून. आणि त्यांनी पाठवल्या."

तिन्ही वर्गांची ती सभा १६१४ नंतर एकदाही भरली नव्हती. १७८९ साली राजाने ती बोलावली, कारण त्याला नवीन कर हवे होते. लोकांनी तक्रारी लिहिल्या. लिहिताना त्यांना कळलं की शेजारच्या गावाची तक्रारही तीच आहे. मग सभेत त्यांना सांगण्यात आलं की मतदान वर्गवार होईल: एका वर्गाला एक मत. पाद्री आणि सरदार एकत्र आले की उरलेला देश दोनास एक असा हरणार.

"राजाने विचारलंच नसतं तर?"

"देन मेबी नथिंग. ऑर लेटर."

राणीच्या केकच्या वाक्याचं काय, असं मी विचारलं. ते वाक्य राणी म्हणाल्याचा पुरावा नाही, असं शिक्षिकेने वर्गात सांगितलं होतं. ती फ्रान्समध्ये येण्याआधीच ते दुसऱ्याच कुणा राजकन्येच्या तोंडी घालून कोणीतरी लिहिलं होतं.

"मग लोकांनी विश्वास का ठेवला?"

"बिकॉज शी कुड हॅव सेड इट," मुलगी म्हणाली आणि वरण मागितलं.

त्याच आठवड्यात अध्यक्षांकडून पत्रकासाठी मजकूर आला: गणपतीच्या दिवशी काहींची गैरसोय झाली असं कानावर आलं आहे, तरी सर्व सभासदांनी आपल्या सूचना मोकळेपणाने पाठवाव्यात. मी तो जसाच्या तसा छापला. मुलीने माझ्या खांद्यावरून वाचला आणि "ओह नो," एवढंच म्हणाली.

सूचना आल्या. पार्किंगबद्दल, माइकबद्दल, रविवारच्या शाळेतल्या गार वर्गाबद्दल. बहुतेकांत एक गोष्ट समान होती: जेवणाला सगळ्यांची एकच रांग असावी.

सर्वसाधारण सभा ऑक्टोबरात, त्याच कॅफेटेरियात होती. आम्ही पोचलो तेव्हा दाराला कुलूप होतं आणि चावी असलेला शाळेचा माणूस यायचा होता. सभासद बाहेर ताटकळत उभे राहिले. माझ्या मुलीने मला हळूच कोपर मारलं. फ्रान्समध्येही उरलेल्यांच्या सभागृहाला कुलूप लागलं होतं आणि ते जवळच्या एका टेनिस कोर्टात जमले होते. तिथे त्यांनी शपथ घेतली की देशाला राज्यघटना मिळेपर्यंत हटणार नाही. आमच्या हायस्कूलचं टेनिस कोर्ट पार्किंगच्या पलीकडेच होतं. तिकडे कोणी गेलं नाही. वारा बोचरा होता. चावीवाला आला, त्याने उशीर झाल्याबद्दल सॉरी म्हटलं आणि आम्ही सगळे आत गेलो.

चर्चा झाली. एक आश्रयदाते म्हणाले, "आम्ही पण तरुण होतो. आम्ही पण चेअर्स उचलल्यात."

"कधी, काका?" चिपळूणच्या बाईने विचारलं.

मागे हशा झाला. तो थांबल्यावर संस्थापकांपैकी एक बाई म्हणाल्या, "अगं, पंगत हा आपला संस्कार आहे."

"मग सगळ्यांनाच करा ना संस्कार. आम्हाला का वगळता?"

"यार, वोट घ्या," मागून कोणीतरी म्हणालं. "बेबीसिटर थांबलीय."

इथे मंडळाच्या मतदानाची पद्धत सांगणं भाग आहे. मंडळ लहान होतं तेव्हा संस्थापकांना भीती वाटली की नवीन लोक वाढतील आणि मंडळ ताब्यात घेतील. म्हणून ठरलं होतं की महत्त्वाच्या प्रश्नावर मतदान गटवार व्हावं: संस्थापकांचं एक मत, आश्रयदात्यांचं एक, साधारण सभासदांचं एक. ही पद्धत सगळ्यांना माहीत होती. ती वापरायची वेळ कधी आली नव्हती, कारण कोणी काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी ती वापरली गेली. एक रांग असावी हा ठराव दोन विरुद्ध एक मताने नामंजूर झाला. मी इतिवृत्तात तसं लिहिलं. मुलगी शेजारी बसून माझ्याकडे पाहत होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

चिपळूणची बाई उभी राहिली. "ठीक आहे. दिवाळीचं जेवण आता मंडळाने बघावं."

"मंडळ म्हणजे कोणी?" अध्यक्षांनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

"तेच तर म्हणतेय, काका," ती म्हणाली.

स्वयंपाकाच्या गटातल्या सगळ्यांनी तिच्याबरोबर काम सोडलं. दोन दिवसांत कळलं की त्यांनी पलीकडच्या गावात एक हॉल बघितला आहे आणि दिवाळी वेगळी करायचं चाललं आहे. फ्रेंच लोकांना ही सोय नव्हती. आमच्याकडे प्रकरण फार ताणलं की दुसरं मंडळ निघतं. शिकागोच्या आसपास राहणाऱ्या मराठी माणसाला याची उदाहरणं द्यावी लागत नाहीत.

इतिवृत्तावर अध्यक्षांची सही घ्यायला मी त्यांच्या घरी गेले. मुलीकडे नुकतंच लर्नर्स परमिट आलं होतं, त्यामुळे गाडी ती ड्राइव्ह करत होती आणि मी शेजारी ब्रेक नसलेल्या जागी पाय दाबत होते. काकांनी आम्हाला बेसमेंटमध्ये नेलं. मंडळाचा पहिला गणपती इथेच बसला होता. एका भिंतीला अजून जुन्या मखराचे थर्माकोलचे खांब टेकून ठेवलेले होते.

"टेलिफोन डिरेक्टरी घ्यायची," ते मुलीला सांगत होते, "आणि मराठी वाटणारी आडनावं शोधायची. फोन करायचा, मराठी बोलता का विचारायचं. एक जण निघाला गुजराती. म्हणाला, नाही बोलत, पण जेवण आहे का? मग तो वर्षानुवर्षं येत राहिला."

"तेव्हा पण फर्स्ट पंगत होती, आजोबा?"

"होती की. पण ती पाहुण्यांची. स्टुडंट्स, नवीन आलेले, बायको भारतात असलेले. आम्ही वाढायचो. मी स्वतः वरण करायचो, ऑन-कॉल नसलो तर. ही आणि मी शेवटी जेवायचो, त्या पायऱ्यांवर बसून."

मी विचारलं, "मग उलटं कधी झालं?"

काकू चहा घेऊन येत होत्या. पायऱ्या उतरता उतरता त्याच म्हणाल्या, "गुडघे दुखायला लागले तेव्हा. कोणीतरी म्हणालं काका तुम्ही बसा, आणि हे बसले. मग सगळेच बसले."

काकांनी ते नाकारलं नाही. सही करायला त्यांनी पेन घेतलं, पण केली नाही. त्यांचा मुलगा सिएटलला असतो आणि मुलगी बॉस्टनला. दोघंही दिवाळीला फोन करतात. मंडळ फुटलं तर काय, हे त्यांनी मला विचारलं नाही, स्वतःच सांगितलं.

"मला दोन दिवाळ्या नकोत. मी गेल्यावर दहा करा. पण मी असताना या गावात एकच दिवाळी पाहिजे."

मग ते मुलीकडे वळले. "तुझा निबंध आहे ना त्या राजावर? त्याने काय करायला हवं होतं?"

"डिसाइड, आजोबा. एनीथिंग. बट अर्ली. तो सारखं माइंड चेंज करायचा."

"पेशंटना मी हेच सांगायचो," काका म्हणाले. "छातीत दुखतंय तर लगेच या. कोणी येत नसे."

"आणि त्याचं पुढे काय झालं ते सांगू नकोस गं," काकू मुलीला म्हणाल्या. "यांना माहितेय. रात्री झोपत नाहीत."

इतिवृत्तावर त्यांनी सही केली. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर त्यांचा संदेश आला: दिवाळीला पहिली पंगत असणार नाही, सर्वांची एकच रांग असेल. गटवार मतदानात नामंजूर झालेला ठराव असा अध्यक्षांनी मंजूर करावा की नाही, याबद्दल मंडळाच्या नियमांत काही नाही. कोणी विचारलंही नाही. चिपळूणच्या बाईने परत येताना एक अट घातली: ज्यांनी स्वयंपाक केला त्यांनी आधी जेवायचं, कारण इतकी वर्षं त्यांना गार अन्न मिळालं होतं. काकांनी ती तासाभरात मान्य केली. पलीकडच्या गावातला हॉल सोडून देण्यात आला.

काम न करणाऱ्या संस्थापकांपैकी काही जण रागावले. त्यांतल्या एकांनी मला फोन करून सांगितलं की हा अन्याय आहे आणि हे पत्रकात छापा. मी त्यांना लिहून पाठवायला सांगितलं. त्यांनी पाठवलं नाही.

मुलीचा निबंध परत आला. त्यात तिने लिहिलं होतं की मोठे लोक आधी काहीतरी करत असतात म्हणून त्यांना मान मिळतो, मग करणं बंद होतं आणि मान चालू राहतो, आणि लोक जास्त चिडतात ते याने. उदाहरण म्हणून मोदक होते. शिक्षिकेने शेजारी विचारलं होतं, याचा संदर्भ काय? मुलीने खाली लिहून दिलं: प्रत्यक्ष पाहिलं.

याच निबंधात तिने स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द फ्रान्सचे म्हणून दिले होते. आमच्या घरात ते फ्रान्सचे मानले जात नाहीत. माझे वडील सांगत की हे सगळं बुद्धाने फार आधी सांगून ठेवलं आहे. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "सोर्स?" मी म्हणाले, "आजोबा." तिने बदल केला नाही.

दिवाळीचा कार्यक्रम नोव्हेंबरातल्या शनिवारी झाला. मंडळाचे बहुतेक सभासद आले. चिपळूणच्या बाईची आई तेव्हा परत गेली होती, पण अनारसे तिने शिकवल्याप्रमाणे झाले होते. आम्ही आत गेलो तेव्हा स्टेजच्या बाजूला लांब टेबलं जोडलेली होती. त्यांवर कापड होतं. हिरवे कागद मांडलेले होते. स्वयंपाक करणारे छातीला केशरी बिल्ले लावून बसले होते. काहींचे नवरे, काहींच्या बायका आणि एकीचे दीरही बिल्ले लावून बसले होते. अनारसे थापताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. त्यांना वाढायला झब्बे घातलेली दोन-तीन मुलं उभी होती.

"आई," मुलगी म्हणाली, "दे जस्ट..."

"ताटल्या धर," मी म्हणाले.

संस्थापक आणि आश्रयदाते रांगेत होते. एका संस्थापकांसाठी कोणीतरी खुर्ची आणली होती. रांग सरकली की ते उठायचे आणि मागचा माणूस खुर्ची पुढे सरकवायचा. अध्यक्ष आणि काकू आमच्या पुढे होते. काकांनी खुर्ची नाकारली होती.

"काकू, कसं वाटतंय?" मी विचारलं.

"मी काही बोलत नाही, बाई," काकू म्हणाल्या. "बोलले की गावभर होतं."

काका ट्रेपर्यंत पोचले तेव्हा अनारसे संपलेले होते. टेबलावरून चिपळूणच्या बाईने ते पाहिलं आणि ती अर्धवट उठली. तिच्या पानावर दोन अनारसे होते. काकांनी हातानेच तिला बस म्हणून सांगितलं. ती बसली.

ते कोपऱ्यातल्या मुलांच्या टेबलाकडे गेले. खोक्यात पिझ्झाचा एक तुकडा राहिला होता. त्यांनी तो ताटलीत घेतला, त्याचे दोन भाग केले आणि एक काकूंना दिला. दोघं भिंतीकडच्या बाकावर बसून जेवले. त्या वर्षी गावात मराठी मंडळाची दिवाळी एकच झाली.